जानेवारीचं पत्र

दरवर्षी जानेवारीत पालकांना एक पत्र जातं.
ते मी लिहिते. मुख्याध्यापक टॉर्गर्सन फक्त सही करतात
आणि म्हणतात, वर्ना, आटोपशीर लिही,
फ्रिजवर एका चुंबकाखाली मावेल एवढंच.

तर, पालकहो,
अर्धं वर्ष सरलं, अर्धं उरलं.
पारा शून्याखाली दहाच्याही खाली घसरला
की मधली सुट्टी जिममध्ये.
हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात सध्या सतरा हातमोजे आहेत,
सगळे डाव्या हाताचे.
असं का, ते देव जाणे, मी नुसते मोजते.
तिसरीचा ससा पळालेला नाही,
रेडिएटरमागे राहायला गेलाय.
दुसरीचं वाचन सुधारलं.
गणिताचं एवढ्यात विचारू नका.

पुढे चौकट : कुटुंबांचा सहभाग.
नाव, काम, तास.
केक विकायला मिसेस स्क्योल्ड, पाच तास.
बर्फ उपसायला डेनचे आजोबा, तास मोजले नाहीत म्हणाले.
आणि मग टर्कीच्या कारखान्यातली, रात्रपाळीची घरं,
नावापुढे कोरी जागा,
ओळीमागून ओळ.
छापील कागदावर कोरी जागा फार ओरडते.

इथवर टाइप झालं होतं, मंगळवार, सव्वाआठ,
आणि दारात सॉ लेर मू.
पहिलीतल्या एह पॉचा बाबा.
बाह्यांना ब्लीचचा वास, भुवयांवर दहिवर,
रात्रभर पंख छाटून थेट इथेच.
हातात आमचीच नोव्हेंबरची चिठ्ठी, चार घड्या पडलेली :
या, मुलांना वाचून दाखवा.
त्याला इंग्रजी वाचता येत नाही.
ते मला माहीत, त्याला माहीत,
आणि चिठ्ठी ज्या पोरीनं त्याला वाचून दाखवली असणार
तिला तर माहीतच.

पहिलीच्या खुर्चीत बसला, गुडघे हनुवटीशी.
अस्वलाचं पुस्तक. पहिलं पान त्यानं कारेन भाषेत सांगितलं,
चित्राकडे बघत, मोठ्यानं;
अस्वल सगळ्यांना कळलं.
दुसऱ्या पानावर अस्वल गुहेत शिरलं.
तिसऱ्या पानावर झोपलं,
आणि तोही.

कुणी हसलं नाही असं लिहायला मला आवडलं असतं.
ब्रेकन हसला. ब्रेकन हसतोच.
एह पॉ उठली, ओठांवर बोट ठेवलं,
बापाच्या बोटांतून पुस्तक सोडवलं एकेक बोट करत,
आणि पुढचं पान वाचू लागली, कुजबुजत, बोट शब्दाखाली.
सप्टेंबरपासून या वर्गात
पाण्याची बाटली मागायलाही तिनं तोंड उघडलं नव्हतं.
'हिवाळा' या शब्दाशी अडली.
ब्रेकननं हळूच सांगितला.
मिस ऑयेन डस्टर हातात धरून तशीच उभी,
आणि मी कॉफीचा कप घेऊन दारात, तो गार होईतो.

जागा झाला तेव्हा त्यानं माफी मागितली,
माझी, मिस ऑयेनची,
बहुधा सशाचीही.
जाताना खोक्यापाशी थबकला, वाकला,
चाचपून एक लाल मोजा काढला,
कोपऱ्यात हिरव्या दोऱ्यानं रफू केलेला.
बघितला, हुंगला, खिशात घातला.

आता चौकटीत लिहायचं आहे.
सॉ लेर मू. वाचन. पाऊण तास.
कुणी कुणाला वाचून दाखवलं, याला रकाना नाही.
टॉर्गर्सन विचारतील, झोपला होता ना?
मी म्हणेन, हो. लिहू?

कळावे.
ता. क. वरच्या मजकुरात 'सतरा हातमोजे' आहे,
तिथे कृपया सोळा वाचावे.